अजून पोकळ लागतंय

बाबा गाडी चालवायचे तेव्हा आई शेजारच्या सीटवर बसून ब्रेक मारायची. तिच्या पायाखाली रबरी मॅट आणि मॅटखाली पत्रा, याखेरीज काही नव्हतं. पण समोर गाय आली, लोडिंग रिक्षा आडवी घुसली, इंदूरच्या पलासिया चौकात सिग्नल पिवळा झाला, की तिचा उजवा पाय मॅटवर घट्ट रुतायचा. "अगं, तुझ्या बाजूला ब्रेक दिलेला नाही," बाबा म्हणायचे. "तुम्ही वेळेवर मारत नाही, म्हणून मला मारावा लागतो," आई म्हणायची. वीस वर्षांत या संवादात काना-मात्रेचा फरक पडला नाही.

गाडी मारुती 800. 1998ची, पांढरी, एमपी 09. बाबा गेल्यापासून ती आमच्या राजेंद्र नगरच्या घराच्या पोर्चमध्ये उभी असते आणि आठवड्यातून एकदा मी तिला फिरवून आणतो. विकून का टाकत नाही, असं लोक विचारतात. मी बाबांच्या आठवणीचं वगैरे सांगतो. खरं कारण असं की कबाड्यानं सांगितलेला आकडा मला ऐकवत नव्हता.

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते, आणि पुढे दर पाच वर्षांनी. 2013 आणि 2018 ला हे काम बाबांनी केलं. 2023 ला ते माझ्यावर आलं. तपासणीला न्यायच्या आधी एकदा बॉनेट उघडावं म्हणून उघडलं, तर ब्रेक ऑइलची पातळी डबीवरच्या खालच्या रेघेच्याही खाली. (ते खरं तर ऑइल नाहीच. एरवीचं इंजिन ऑइल चुकून त्यात पडलं तर आतली सगळी रबरं फुगून वाया जातात. पण इंदूरमध्ये काय आणि पुण्यात काय, सगळे ब्रेक ऑइलच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणणार.)

ब्रेक ऑइल उन्हानं उडून जात नाही. पॅड आणि लायनर झिजले की पातळी जराशी उतरते, पण एवढी नाही. मी पोर्चमध्ये चटई टाकून गाडीखाली शिरलो. मागच्या डाव्या चाकाच्या वीतभर पुढे, पत्र्याला चिकटून जाणारा लोखंडी पाइप ओला होता आणि त्या ओलाव्यावर धूळ बसून काळा लगदा झाला होता. अंगठ्यानं पुसला तर गंजाचा पापुद्रा हातात आला. पंचवीस पावसाळे खाल्लेला पाइप. त्याच्या भरवशावर बाबा आम्हाला भेरू घाट उतरवून ओंकारेश्वरला नेत होते.

एका गॅरेजवाल्याला विचारलं. त्यानं गाडीखाली न बघताच मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा पंप), चारही रबरी होज, सगळे पाइप असा हिशोब मांडला आणि आठ दिवस गाडी सोडून जा म्हणाला. न बघता बोलल्याचा मला राग आला. रागाच्या भरात मी जाऊन पान्यांचा सेट विकत घेतला.

मी इंजिनियर आहे, पण पाना धरणाऱ्यांपैकी नाही. माझा धंदा शेतीचे पंप विकायचा. सांवेर, देपालपूर, हातोद या भागात माझं फिरणं असतं. मोटार चालू आहे पण पाणी येत नाही, अशी तक्रार आली की मी शेतकऱ्याला हवेबद्दल व्याख्यान देतो. ते व्याख्यान मला झोपेतही पाठ आहे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

छोट्या ग्वालटोलीतल्या दुकानात जुना पाइप घेऊन गेलो. दुकानदारानं बंडी पाइपच्या, म्हणजे ब्रेकच्या पोलादी पाइपच्या, वेटोळ्यातून तेवढा कापला, दोन्ही टोकांना नट ओवले आणि हातयंत्रात धरून टोकं फुलवली. हे फुलवणं बघण्यासारखं असतं. पाइप पावणेपाच मिलिमीटर जाडीचा, म्हणजे उदबत्तीच्या घरात बसेल एवढा. त्याचं टोक आधी बाहेर फाकवतात आणि मग परत आत दुमडतात, शर्टाच्या कफासारखं. नट आवळला की ते दुहेरी टोक समोरच्या खाचेवर दाबून बसतं आणि तेवढ्यावरच सगळा दाब अडतो. वॉशर नाही, टेप नाही. मी आपला नळाच्या सवयीनं टेफ्लॉन टेप मागितली, तर त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "भिया, ये नल नहीं है. टेप का रेशा अंदर गया तो ब्रेक गया." मग पाइप कागदात गुंडाळताना म्हणाला, "बालिश्तभर ज़्यादा रखा है. कम पड़ता तो रोते."

ती जास्तीची वीत लक्षात ठेवा.

पाइप बसवायला शनिवारचा अख्खा दिवस गेला. जुने नट साध्या फिक्स पान्यानं सोडवायला गेलो तर कडा गोल व्हायला लागल्या, म्हणून फ्लेअर नटचा पाना आणला. तो रिंग पान्यासारखाच, फक्त पाइप आत जाण्यापुरती फट ठेवलेला. रबरी होजलाही चिरा दिसल्या, तोही बदलला. नवा पाइप शेव्हिंग फोमच्या डब्याभोवती हळूहळू वाकवून वळणं दिली, म्हणजे कुठे चिमटला जाऊ नये. शेवटी ती वीतभर लांबी उरलीच. कापली असती तर टोक परत फुलवायला ग्वालटोली गाठावी लागली असती. मी मागच्या क्लिपच्या वर तिची एक छानशी कमान केली. दिसायला सुरेख होती. मी तिचा फोटोही काढला.

रविवारी हवा काढायची होती. पाइप उघडला की आत हवा शिरतेच, आणि हवा असेल तर ब्रेक लागत नाही. कारण शाळेतलं आहे. द्रव दाबला तर आखडत नाही. पायानं इकडे दाबलं की तेवढंच तिकडे चाकापाशी ढकललं जातं. हवा मात्र आखडते. मास्टर सिलेंडरचा पिस्टन दोन सेंटिमीटर व्यासाचा धरा. पाइपात हरभऱ्याच्या दोन-चार दाण्यांएवढी, एक घनसेंटिमीटर हवा राहिली, तर ती चेपून संपेपर्यंत पिस्टनचे तीन मिलिमीटर फुकट जातात. पेडलची तरफ चौपट धरली तर पायाखाली सव्वा सेंटिमीटर. आणि चाकापाशी पॅडला सरकायचं असतं ते मिलिमीटरच्याही अंशात.

या कामाला दोन माणसं लागतात. एक खाली चाकापाशी, एक वर पेडलवर. बायको शाळेच्या कामात, मुलगा कोटा शहरात, शेजारचे काका सकाळीच पोहे खायला निघून गेलेले. राहिली आई.

"इकडे बसायचं?" ती ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहून म्हणाली. पंचवीस वर्षांत ती त्या सीटवर कधी बसली नव्हती. बसायच्या आधी तिनं सीट पदरानं पुसली, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि देवघरात शिरावं तशी आत गेली. मी म्हटलं, चपला राहू दे. म्हणाली, "मशीन मी कधी चपला घालून चालवलंय का?" आमच्या घरी पायाचं शिलाई मशीन होतं, कॉलनीतल्या निम्म्या घरांचे पिको-फॉल तिनं त्यावर केले. तिच्या पायाला दाब म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

पेडलच्या खाली मी एक लाकडी ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलेंडरचा पिस्टन रोज जेवढा जातो तेवढाच भाग गुळगुळीत राहतो. त्याच्या पलीकडे, जिथे तो कधी पोचत नाही, तिथे गाळ आणि गंज साचलेला असतो. हवा काढताना पेडल तळाला टेकवलं तर रबरी सील त्या खरखरीत भागावरून घासून फाटतं, आणि मग गॅरेजवाल्याचा हिशोब खरा ठरतो. म्हणून ठोकळा.

मागचा भाग जॅकनं उचलून टेकूच्या घोड्यांवर ठेवला, पुढच्या चाकांना विटा लावल्या. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्या उजव्या स्टीयरिंगच्या गाडीत मागचं डावं. ड्रमच्या पाठीमागे हवा काढायचं एक छोटं निपल असतं, त्याला माशांच्या टाकीची पारदर्शक नळी लावली आणि दुसरं टोक बरणीत, थोड्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलं. बरणी लोणच्याची होती. "ती आता परत स्वयंपाकघरात यायची नाही," आईनं वरून जाहीर केलं. बरोबरच होतं. ते विष असतं.

"दाब."

"दाबलं."

मी निपल पाव वळसा सैल केलं. नळीतून काळपट, उकळून ठेवलेल्या काढ्यासारखं काहीतरी फसफसत आलं.

"पाय आणखी खाली जाऊन राहिलाय," आई घाबरून म्हणाली.

"जाऊ दे. धरून ठेव. उचलू नकोस." निपल आवळलं. "आता सोड."

दाब, धर, सोड. एवढीच भाषा. तिसऱ्या फेरीला फाटकावर कोणीतरी बेल वाजवली आणि आईनं माझं निपल उघडं असतानाच पाय उचलला. नळीतलं सगळं सुळकन परत आत. बरणीतलं टोक बुडलेलं होतं म्हणून हवेऐवजी ऑइलच गेलं, नाहीतर तिथेच सुरुवातीपासून मोजायला लागलं असतं. त्यानंतर ती प्रत्येक वेळी "सोडू का?" असं विचारायला लागली. मी "हो" म्हणेपर्यंत पाय हलायचा नाही. लहानपणी दोरा ओवायला मी सुई धरून तिच्यासमोर उभा राहायचो, तेव्हा ती मला असंच "हलू नको" म्हणायची.

माझी चूक तिच्याहून मोठी झाली. नळीतले बुडबुडे मोजण्यात मी इतका गुंगलो की वरची डबी भरायची विसरलो. डबी कोरडी पडली आणि मास्टर सिलेंडरनंच हवा ओढली. आधीचा दीड तास पाण्यात. अर्ध्या लिटरची बाटली संपवून दुसरी फोडली. माळ्यावर बाबांची एक अर्धी बाटली होती, घट्ट झाकणाची, पण ती मी घेतली नाही. हे द्रव हवेतली आर्द्रता पीत राहतं. डॉट 3 प्रकारचं कोरडं ऑइल 205 अंशांच्या आत उकळू नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा 140 वर येते. घाटात ब्रेक दाबत उतरताना चाकं तापतात, आतलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच आखडते. एबी रोडच्या, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याच्या, गणेश घाटात ट्रकांचे ब्रेक गेल्याच्या बातम्या आम्ही इंदूरकर वर्षानुवर्षं वाचत आलो. त्या ट्रकांची कथा वेगळी, त्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवरच चालतात आणि घाटात तापतात ते ड्रम. म्हणजे जी हवा तिकडे पगारी नोकर, तिला इकडे मी नळीतून हाकलत होतो.

दुपारी चहा घेताना मी आईला ज्ञान दिलं. चारही चाकांना असे द्रवाचे ब्रेक असलेली विक्रीची पहिली गाडी 1921ची, अमेरिकेतल्या ड्युसेनबर्गची. आणि 1930च्या दशकात त्याच कंपनीची एसजे गाडी आपल्या यशवंतराव होळकरांनी बांधवून घेतली होती; वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं केलेली, भगव्या आणि काळ्या रंगात. माणिकबाग राजवाडा बांधून घेणारे तेच महाराज. आईचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, त्यामुळे होळकरांचं नाव निघालं की ती जरा सावरून बसते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांची हवा कोण काढायचं?"

मी म्हटलं, असतील की माणसं.

"पेडलवर राणीसाहेब नक्की नसतील बसल्या," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

पाच वाजेपर्यंत चारही चाकं झाली. मागच्या डाव्याच्या नळीत आता एकही बुडबुडा नव्हता. ऑइल साखरेच्या पाकासारखं स्वच्छ, फिकट पिवळं. मी हात पुसत उभा राहिलो.

"झालं. उतर."

आई उतरली नाही. तिनं आपणहून पेडल दाबलं, सोडलं, परत दाबलं.

"अजून पोकळ लागतंय."

"पोकळ म्हणजे?"

"म्हणजे आत उशी आहे. आधी पाय उशीत जातो, मग लागतं."

मी म्हटलं, बुडबुडे संपलेत, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हटलं, जुनी गाडी आहे, एवढं असायचंच. आणखीही काही म्हटलं असेन. ती सीटवरून उतरली, चपला घातल्या. "मला काय," ती म्हणाली, "मी तर मॅटवरच दाबते." त्यावर मी स्वतः बसून दाबून बघितलं आणि स्वतःला पटवलं की ठीक आहे. दिवसभर गाडीखाली पडलेल्या माणसाच्या पायाला जे हवं ते जाणवतं. रात्री झोप लागली नाही तेव्हा मात्र तीच उशी आठवत राहिली. मग मी कारणं शोधली. मागचे लायनर सैल असतील. पण लायनर सैल असले तर पेडल खाली जाऊन मग कडक लागतं, ते मऊ लागत नाही. बाहेर गळती असेल. पण सांध्यांखाली पसरलेला पेपर कोरडा होता.

सोमवारी सकाळी सांवेरहून एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. नवी पाइपलाइन टाकली, मोटार फिरते, पण शेवटच्या टोकाला पाणी धड येत नाही. माझं व्याख्यान सुरू झालं. "पाइप बीच में कहीं ऊँचा गया है क्या? नाले के ऊपर से निकाला होगा. हवा हमेशा ऊँची जगह जाकर बैठती है दादा, पानी नीचे से निकल जाता है. या तो वहाँ एयर वॉल्व लगाओ, या कूबड़..."

कूबड़ म्हणजे कुबड. तिथे माझं तोंड बंद झालं. मोबाइलमध्ये शनिवारचा फोटो होता. क्लिपच्या वर चढलेली माझी सुरेख कमान, नालापार केलेल्या पाइपासारखी, चाकाच्या निपलपेक्षा चांगली चार बोटं उंच. ठोकळ्यामुळे आईचा प्रत्येक दाब आखूड होता, आणि हळू दाब असं मीच तिला बजावलं होतं. त्या एवढ्याशा ढकलीनं हवा कमानीच्या उतारावर जरा सरकायची, आणि मी निपल आवळलं की निवांत परत माथ्यावर जाऊन बसायची. बरणीत पोचायचं ते फक्त तिच्या खालून निसटलेलं स्वच्छ ऑइल. मी तासभर त्या स्वच्छ ऑइलकडे बघून खूश होत होतो.

"साब? आवाज आ रही है?" सांवेरकर विचारत होता.

संध्याकाळी बॅटरी तोंडात धरून ती कमान सोडवली. जास्तीची लांबी वर न चढवता आडवी वळवली, जमिनीला समांतर, जिथे तिला माथाच नाही. क्लिपमध्ये बसवली, चाकाला कुठे घासत नाही ना ते बघितलं. खाली येताना कोपर बरणीला लागलं आणि ऑइलचा शिंतोडा मडगार्डवर गेला. पाणी ओतेस्तोवर तिथला रंग सुरकुतलेला. हे द्रव रंग खातं हे मला माहीत होतं. माहीत बरंच काही होतं.

आईला हाक मारायला लागली नाही. ती आधीच येऊन बसली होती, चपला बाहेर.

"दाब."

"दाबलं."

या वेळी मी तिला झटकन दाब म्हटलं. पहिल्या दोन फेऱ्यांत काही नाही. तिसऱ्या फेरीला नळीतून एक लांबलचक बुडबुडा आला. बुडबुडा कसला, करंगळीएवढा रिकामा तुकडाच. दोन्हीकडे पिवळं ऑइल आणि मधे काहीच नाही. तो नळीतून सावकाश उतरला, बरणीच्या तळाशी आला आणि गुडुप करून वर फुटला. त्याच्यामागे दोन छोटे. मग नुसतं ऑइल. आणखी सहा फेऱ्या मी केल्या, आणि दर फेरीला वरची डबी बघितली.

"आता?"

वर थोडा वेळ शांतता. पेडलचा स्प्रिंग दोनदा कुरकुरला.

"आता भिंत लागली," आई म्हणाली.

मी तिला मिनिटभर जोर लावून दाबून ठेवायला सांगितलं. पाय हळूहळू खाली जात नव्हता. रात्रभर गाडीखाली पेपर पसरून ठेवला, सकाळी उचलून उजेडात धरला. डाग नव्हता.

मंगळवारी सहा वाजता, कॉलनी झोपलेली असताना, गाडी बाहेर काढली. आई म्हणाली, मी पण येते. मी म्हटलं, आधी मला एकट्याला चक्कर मारू दे, काही झालं तर. "काही झालं तर म्हणूनच," ती म्हणाली आणि शेजारी बसली. पहिल्या गल्लीत पायी चालण्याच्या वेगानं, एक हात हँडब्रेकवर. दुसरीत जरा जास्त. बागेच्या वळणावर एक काळं कुत्रं गेटखालून निघून सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन उभं राहिलं आणि आमच्याकडे बघायला लागलं.

मी दाबला. शेजारी मॅटवर धप्प आवाज झाला. गाडी कुत्र्यापासून चांगली दहा फूट अलीकडे, सरळ, एकाही बाजूला न ओढता थांबली.

"लागला," आई म्हणाली. तिचा पाय अजून मॅटवरच होता.